सिकलसेलवरचा ‘कॅसजेवी’ उपचार: जनुक संपादन नेमकं कुठे आणि कसं होतं?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. भारतात तो प्रामुख्याने आदिवासी समाजांत आढळतो. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या अनेक कुटुंबांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. याच आजारावरच्या ‘कॅसजेवी’ या उपचाराला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मंजुरी दिली. क्रिस्पर तंत्रावर आधारलेला, मंजुरी मिळालेला हा जगातला पहिला उपचार.

‘बिघडलेलं जनुक कापून दुरुस्त केलं’ असं त्याचं वर्णन सोशल मीडियावर अनेकदा दिसतं. प्रत्यक्षात सिकलसेल ज्या जनुकामुळे होतो, त्याला या उपचारात हातही लावला जात नाही. मग रुग्णाचा त्रास थांबतो कसा?

एका अक्षराचा फरक

तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन हे प्रथिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतं. ते कसं बनवायचं याची कृती डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन या जनुकातल्या एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असतं. तेवढ्याने प्रथिनातला एक घटक बदलतो आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कडक दोऱ्या तयार होतात. गोल, लवचीक पेशी मग विळ्यासारखी वाकडी होते. ‘सिकल’ म्हणजे विळा.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्तपुरवठा तुटला की हाडं, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची मात्र जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे रुग्णाला कायम रक्तक्षय असतो.

बाळांना त्रास का होत नाही?

उपचाराची किल्ली एका जुन्या निरीक्षणात आहे. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. कारण गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. हे गर्भीय हिमोग्लोबिन दुसऱ्या जनुकापासून बनतं, त्यामुळे त्यात सिकलसेलचा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळपास थांबतं. त्याची जागा बीटा ग्लोबिनवर बनणारं हिमोग्लोबिन घेतं आणि आजार डोकं वर काढतो.

गर्भीय हिमोग्लोबिन थांबवतं कोण, याचं उत्तर बॉस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या संशोधनातून २००८ साली मिळालं. ‘बीसीएल११ए’ नावाचं प्रथिन त्याच्यावर ब्रेक लावतं. हा ब्रेक सैल केला तर मोठ्या माणसाचं शरीरही ते हिमोग्लोबिन पुन्हा बनवू शकतं.

कात्री कुठे चालते?

क्रिस्पर ही मुळात जिवाणूंची विषाणूंविरुद्धची संरक्षणयंत्रणा. तिचं रूपांतर डीएनए कापण्याच्या साधनात कसं करता येईल, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पोंतिये यांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यासाठी दोघींना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात दोन भाग असतात: नेमकी जागा शोधणारा ‘गाइड आरएनए’ आणि तिथे काप घेणारं ‘कॅस९’ प्रथिन.

कॅसजेवीमध्ये हा काप बीसीएल११ए जनुकाच्या एका विशिष्ट ‘स्विच’वर घेतला जातो. हा स्विच तांबड्या पेशी तयार होतानाच कामाला येतो. त्यामुळे इतर पेशींमधलं बीसीएल११एचं काम चालू राहतं, तांबड्या पेशींमध्ये मात्र ब्रेक सैल होतो. सदोष बीटा ग्लोबिन जनुक जागेवरच असतं, पण गर्भीय हिमोग्लोबिन पुरेसं असल्याने पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत.

उपचाराचा प्रवास

हे एक इंजेक्शन घेऊन घरी जाण्यासारखं नाही. आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या मूळपेशी रक्तात आणल्या जातात आणि यंत्राने वेगळ्या काढल्या जातात. त्या प्रयोगशाळेत पाठवून संपादित केल्या जातात. मग रुग्णाला बुसल्फान या औषधाची केमोथेरपी देतात, कारण नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून जुन्या मूळपेशी नष्ट कराव्या लागतात. त्यानंतर संपादित पेशी शिरेतून सोडतात. प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत रुग्णाला काही आठवडे रुग्णालयात राहावं लागतं. संपूर्ण प्रक्रियेला अनेक महिने लागतात. केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाण्याचाही धोका असतो.

परिणाम मात्र ठळक आहेत. मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नव्हता. ही मंजुरी वारंवार तीव्र झटके येणाऱ्या, १२ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी आहे.

किंमत आणि भारत

अमेरिकेत कॅसजेवीची किंमत २२ लाख डॉलर ठरली. त्या वेळच्या दराने हे सुमारे १८ कोटी रुपये होतात आणि यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नाही. ज्या भागांत सिकलसेल सर्वाधिक आहे, तिथे ही रक्कम विचारातही घेता येत नाही.

भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, ही तिची उद्दिष्टं. दिल्लीतल्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलवर ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी क्रिस्पर उपचार विकसित केला आहे. तो नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. हा उपचार स्वस्तात देता यावा हा हेतू आहे. अर्थात, रुग्णांपर्यंत पोहोचण्याआधी माणसांवरच्या चाचण्यांत त्याची सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध व्हावे लागतील.

पेशी बाहेर न काढता संपादन होईल?

खर्च आणि केमोथेरपी दोन्ही टाळायचे तर संपादन शरीरातच व्हायला हवं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयात यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका बाळाला खास त्याच्यासाठी बनवलेलं संपादन इंजेक्शनने देण्यात आलं. चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं हे औषध यकृतात पोहोचतं आणि डीएनएचं एक अक्षर बदलतं. असे कण यकृतात सहज जातात, अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोहोचवणं मात्र बरंच कठीण आहे. सिकलसेलसाठी संशोधकांचे प्रयत्न त्याच दिशेने सुरू आहेत.

आज हाताशी काय आहे?

हायड्रॉक्सियुरिया ही गोळीदेखील गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे कॅसजेवीचंच काम कमी प्रमाणात करते. ती कॅसजेवीच्या तुलनेत कितीतरी स्वस्त आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली तर वेदनेचे झटके कमी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्ततपासणी. वाहक, म्हणजे ‘एएस’ व्यक्तीला सहसा त्रास नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

कॅसजेवीने हे गणित बदलत नाही. संपादन फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतं, बीजपेशींत नाही. त्यामुळे उपचार घेतलेल्या रुग्णाकडूनही सिकलसेलचं जनुक मुलांकडे जातं. त्याचा जोडीदार वाहक असेल तर मूल रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून वेदनेतून सुटका झालेल्या रुग्णासाठीही लग्नाआधी जोडीदाराची तपासणी तितकीच गरजेची राहते.