जयपूर दरबारातील भाषांतरकार

जयपूरची कीर्ती ऐकून असणाऱ्यांना तेथील सरळ राजमार्ग, चौपडी आणि सुमारे नव्वद फूट उंचीचे सम्राट यंत्र ठाऊक असते. परंतु हे यंत्र ज्या राजाने उभारले त्याच्याच आश्रयाने, तितक्याच चिकाटीने, अरबी आणि फारसी शास्त्रग्रंथांना संस्कृत शब्द मिळवून देण्याचे एक मोठे कार्य चालले होते, याची वाच्यता क्वचितच होते. हा राजा म्हणजे १७२७ मध्ये जयपूर वसविणारा सवाई जयसिंह; दिल्लीच्या बादशहाचा मनसबदार आणि माळव्याचा सुभेदार. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या तेव्हा त्यांचा सन्मानाने सत्कार करणारा जयसिंह तो हाच.

त्याच्या पदरी असलेल्या विद्वानांत अग्रस्थान होते ते सम्राट जगन्नाथांचे. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय ब्राह्मण मानते. वैदिक पठडीत वाढलेल्या या पंडितांनी अरबी आत्मसात केली आणि तेराव्या शतकातील नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृतात आणली.

या कामाची थोरवी उमगण्यासाठी आपल्याकडील राज्यव्यवहारकोशाचे स्मरण करावे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी दप्तरातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. तेथे वस्तू आणि व्यवहार नित्याच्या ओळखीचे होते, पालटायचे होते ते केवळ नाव. जगन्नाथांपुढे मात्र कल्पनाच नव्या पद्धतीने मांडलेल्या होत्या. बिंदू म्हणजे काय, हे आपल्या गणितग्रंथांनी व्याख्या करून सांगण्याची गरज मानली नव्हती. जगन्नाथांना ते सांगणे भाग पडले, आणि जो पदार्थ दिसण्याजोगा आहे पण ज्याचे विभाग पडू शकत नाहीत तो बिंदू, असे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले. काटकोनाला त्यांनी समकोण म्हटले, लघुकोनाला न्यूनकोण आणि विशालकोनाला अधिककोण. सिद्धान्ताला अरबीत ‘शक्ल’ म्हणतात, म्हणजे आकृती. संस्कृतात ‘शकल’ हा तुकडा या अर्थाचा शब्द पूर्वापार होताच, तो त्यांनी उचलला आणि ग्रंथारंभी सांगितले की यात ४७८ शकले आहेत. ध्वनी अरबीचा राहिला, अर्थ संस्कृताने पुरविला. भाषांतरकाराच्या हातून असा योग क्वचितच साधतो.

सर्वांनाच जगन्नाथांसारखी अरबी येत होती असे नव्हे. १७२९ मध्ये नयनसुख उपाध्यायांनी थिओडोसिअसचा गोलावरील ग्रंथ आणि तूसीच्या ज्योतिषग्रंथातील एका अध्यायावरील बिरजंदीची टीका संस्कृतात उतरविली, तेव्हा त्यांच्या साह्याला मुहम्मद आबिद होते. आबिदांनी मूळ उलगडून सांगावे आणि उपाध्यायांनी ते संस्कृतात बांधावे, अशी या जोडकामाची रीत होती. गोल या अर्थाच्या अरबी शब्दाचे अनेकवचन तसेच ठेवून पहिल्या ग्रंथाला नाव मिळाले ते ‘उकरा’. हे नाव बदलले नाही याबद्दल मला नयनसुखांविषयी फार आदर वाटतो, कारण ग्रंथ कोणाच्या घरून आला हे त्यामुळे मुखपृष्ठावरच नोंदले गेले.

 

रेखागणिताच्या प्रस्तावनेत मात्र युक्लिडचे नाव येत नाही. हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, कालांतराने उच्छिन्न झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुनश्च प्रकट झाले, असे जगन्नाथ लिहितात. हे मला खटकते. विशेषतः याच पंडितांनी ‘सम्राटसिद्धान्ता’त टॉलेमीच्या ग्रंथाचे ‘मिजास्ती’ हे अरबी नाव निःसंकोच दिले आहे, हे ध्यानात घेता अधिकच खटकते. कदाचित ज्योतिषात परकीयांचे ऋण मान्य करण्याची वहिवाट वराहमिहिरापासून होती, भूमितीत ती नव्हती, आणि पंडितसभेत या शास्त्राला थारा मिळावा म्हणून विश्वकर्म्याची सनद त्यांना आवश्यक वाटली असेल.

परंतु प्रस्तावनेने जे झाकले ते आकृत्यांनी उघड केले आहे. जगन्नाथांच्या त्रिकोणाचे शिरोबिंदू अ, क, ख असे नागरी क्रमाने येत नाहीत. ते अ, ब, ज असे येतात, चौथा बिंदू द. हा अरबी अबजदचा क्रम आहे, आणि तोही ग्रीक मुळाक्षरांच्या जागी बसविलेला. पोथीमागून पोथी नकलून घेणाऱ्या लेखकांनी त्याला हात लावला नाही. आणि हरिलाल ध्रुव यांनी हाती घेतलेला व कमलाशंकर त्रिवेदी यांनी सिद्धीस नेलेला हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईच्या सरकारी संस्कृत मालेत दोन खंडांत छापला गेला, तेव्हाही पहिल्या अध्यायातला त्रिकोण ‘अबज’ याच नावाने छापला गेला.