सोळा की सोळावे?

1853 च्या सनद कायद्याने वरिष्ठ मुलकी जागांवर माणसे नेमण्याचा ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा अधिकार संपवला आणि 1855 पासून या जागा लंडनमधील स्पर्धा परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या. कागदोपत्री ही परीक्षा हिंदी उमेदवारांनाही खुली होती. प्रत्यक्षात समुद्रप्रवासाचा खर्च, परदेशगमनाबद्दलचा जातीचा रोष आणि वयाची अट ओलांडून तिथवर पोचणारे फारच थोडे होते. कमाल वय आरंभी 23 होते, ते 1860 मध्ये 22 आणि 1866 मध्ये 21 वर आले. 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी उमेदवार ठरले. त्यांच्यानंतर 1869 मध्ये रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर असे चौघे एकदम यशस्वी झाले.

यांपैकी सुरेंद्रनाथ व ठाकूर यांची नावे, त्यांचे वय मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे सांगून, मुलकी सेवा आयोगाने यादीतून काढली. सुरेंद्रनाथांचा जन्म 10 नोव्हेंबर 1848 चा. डिसेंबर 1863 मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसताना त्यांना पंधरा वर्षे पुरी होऊन सोळावे लागलेले होते आणि त्यांनी वय सोळा असे सांगितले होते. आयोगाने या सोळाचा अर्थ सोळा पूर्ण असा घेतला, त्यावरून जन्म 1847 किंवा त्याआधीचा मानला आणि 1869 च्या परीक्षेच्या वेळी उमेदवाराने एकविशी ओलांडली असली पाहिजे, असा निष्कर्ष काढला. वय चालू वर्षाने सांगण्याची रीत बंगालप्रमाणे महाराष्ट्रातही घरोघरी होती. मुलाला 'सोळावे लागले' म्हणणाऱ्या आईच्या मनात पुरी झालेली वर्षे पंधराच असत. म्हणजे विद्यापीठाच्या नोंदीत खोटे काही नव्हते, आणि लंडनमध्ये सांगितलेले वयही खरे होते. चूक होती ती एका समाजाची गणना दुसऱ्या समाजाच्या पद्धतीने वाचण्यात. परीक्षेतील गुणांविषयी तर कोणाची तक्रारच नव्हती.

हा खुलासा आयोगाने मान्य केला नाही, तेव्हा सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयाकडे परमादेश मागितला. परमादेश म्हणजे सार्वजनिक अधिकाऱ्याला त्याचे कायदेशीर कर्तव्य बजावण्यास भाग पाडणारा न्यायालयाचा हुकूम. न्यायालयाने आयोगाला कारणे दाखवण्यास फर्मावले आणि अखेरीस आयोगाने माघार घेऊन सुरेंद्रनाथ व ठाकूर या दोघांनाही पुन्हा यादीत घेतले. निवड करणारी संस्था साम्राज्याची असली तरी तिला आपल्या निर्णयाचा हिशेब न्यायासनापुढे द्यावा लागतो, हे एका वसाहतीतील विशीच्या तरुणाने प्रत्यक्ष दाखवून दिले, आणि या प्रकरणाचे खरे मोल त्यातच आहे.

पुढचा भाग मात्र विजयाचा नाही. सिल्हेट येथे नेमणूक झालेल्या सुरेंद्रनाथांना 1874 मध्ये सेवेतून बडतर्फ करण्यात आले. आणि भारतमंत्री लॉर्ड सॉल्झबरी यांनी परीक्षेचे कमाल वय 19 वर आणण्याचे ठरवल्यावर, म्हणजे वयाच्याच प्रश्नावर, 1877 मध्ये सुरेंद्रनाथांनी देशभर दौरा काढला. एकविशीच्या अटीने दोघांना अडवले होते, एकोणिशीची अट जवळजवळ सगळ्यांनाच अडवणारी होती. भारतात ही परीक्षा प्रथम झाली ती 1922 मध्ये, अलाहाबादला.

वय कसे सिद्ध करावे, हा तंटा स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. केवळ त्याचे कागद बदलले. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली तर गुरुजी 1 जून लिहून टाकीत, आणि हीच अंदाजाची तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून सेवापुस्तकात, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या पुस्तकात, उतरे. निवृत्ती जवळ आल्यावर ती बदलून मागणाऱ्यांचे अर्ज वाढले, तेव्हा 1993 मध्ये हरनाम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा जाग्या झालेल्या अशा मागणीला नकार दिला. महाराष्ट्र नागरी सेवा नियम, 1981 यांतही जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीत रुजू झाल्यापासून 5 वर्षांच्या आत करावा लागतो.