बाप्या माणसांनी काय वाचावे?

मुदखेडच्या स्टेशनावरून पुढे रूळ फुटतात. एक फाटा उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडे जातो, दुसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. गाडी बदलायची असली म्हणजे माणसाच्या हाती तास-दोन तास रिकामे येतात. अशाच एका वेळी बाकावर शेजारी बसलेल्या शेतकरी गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, वाचायची हौस लई हाय. पण कादंबरी म्हंजे बायकांचा नाद म्हणतात. आम्ही बाप्या माणसांनी काय वाचावं?" तेवढ्यात त्यांची गाडी आली आणि उत्तर राहून गेले. वाचकहो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न जरा उशिरा निघाला, त्याला कारण आहे. निजामी राजवटीत कचेरीचा कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सावकाराची वही मोडीत. छापील मराठी अक्षर घरात यावयाचे ते बहुधा पोथीच्या रूपाने. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत, तिन्ही श्रीधरस्वामींच्या. चातुर्मासात मारुतीच्या देवळात एकाने वाचावे नि गावाने ऐकावे. एकट्याने कोपऱ्यात बसून मनातल्या मनात गोष्ट वाचणे हा रिकामटेकड्याचा उद्योग समजला जाई. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. तोवर तिकडे पुण्या-मुंबईकडे मराठी कादंबरीने शंभरी गाठली होती.

आता 'बायकांचा नाद' या बोलण्याकडे वळू. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही १८५७ सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. विषय कोणता? तर हिंदू विधवांची स्थिती. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि शेवटी तीच पाळी तिच्यावर येते. पुस्तकाला ख्रिस्ती धर्मप्रचाराचा वास आहे हे खरे, आणि गोष्ट म्हणून ती आज जड जाते. पण एक ध्यानात घ्या. लिहिणारा पुरुष, त्या काळी वाचणारे बहुतेक पुरुष, आणि दुःख बाईचे. म्हणजे आपली कादंबरी सुरूच झाली ती बाप्यांना घरातले दाखवून देण्यासाठी.

अर्थात बाप्या माणसाला आधी तलवार लागते. त्यात गैर काही नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली आली. मराठीतली ती पहिली ऐतिहासिक कादंबरी. पण ज्याला नव्याने सुरुवात करावयाची आहे त्याने ती बाजूला ठेवून हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' घ्यावी, किंवा तानाजीची 'गड आला पण सिंह गेला'. दिवा लावून बसलात तर तेल संपेल, पण पुस्तक सुटणार नाही. पुढे रणजित देसाईंची 'स्वामी' आहे, 'श्रीमान योगी' आहे. 'श्रीमान योगी'ला आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची भली मोठी पत्ररूप प्रस्तावना आहे. शिक्षकांनी तीसुद्धा वाचावी. मात्र कादंबरी आधी, प्रस्तावना मागून!

परंतु हेच हरिभाऊ, ज्यांनी गडकिल्ले रंगविले, त्यांनी त्याआधी एक वेगळेच काम केले होते. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. तेव्हा त्यांचे वय होते सव्वीस. त्याच्या अंकांतून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. इथेही नायिका यमुनाच. घरचे तिला यमू म्हणतात. आणि सारी हकीकत ती स्वतःच सांगते. लहानपण, लग्न, सासर, हौसेने लिहायला-वाचायला शिकविणारा नवरा, मुंबईचे थोडे सुखाचे दिवस. मग नवरा जातो आणि सासरचे लोक बळजबरीने तिचे केशवपन करवितात. या पुस्तकात लढाई नाही, पण वाचताना छातीवर येणारा दाब कुठल्याही लढाईपेक्षा कमी नाही. कारण इथला शत्रू मोगल नव्हे. तो ओसरीवर पान खात बसलेला आपल्यासारखाच घरचा कर्ता माणूस आहे.

आमचे एक चुलते उर्दूत शिकलेले, पोथी खड्या आवाजात वाचणारे. 'उषःकाल' त्यांनी दोनदा वाचली होती. मी त्यांना यमूचे पुस्तक आणून दिले. अर्धे झाल्यावर दोन दिवस ते फळीवर तसेच पडून होते. तिसऱ्या दिवशी विचारतात, "हे बाईनं लिहिलं का बाप्यानं?" मी म्हटले, बाप्यानं. "मग त्याला कसं कळलं?" म्हणाले, आणि पुस्तक उचलून माळवदावर गेले. त्या रात्री काकू जेवणाचे ताट घेऊन दोनदा वर गेल्या.

यानंतरची नावे थोडक्यात सांगतो. शिक्षकबंधूंनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) जरूर घ्यावी. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, वाडीची तालीम उभी करतो, आणि दुष्काळ येतो तेव्हा वाडी उठते. एकशिक्षकी शाळेवर राहिलेल्याला त्यातले पान न् पान ओळखीचे वाटेल. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) तर हवीच. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसाने लिहिलेली ही वारणाकाठची गोष्ट, उपाशी माणसांसाठी खजिना लुटणाऱ्या मांग वीराची. तलवारही इथे आहे आणि ती कशासाठी उचलायची हेही.

आणि मग आपल्या घरचे पुस्तक. लातूरजवळच्या काटगावचे रा. रं. बोराडे, २०२५ साली ते गेले. त्यांची 'पाचोळा' १९७१ ची. खेड्यातल्या एका शिंप्याच्या संसाराची वाताहत त्यात आहे, आणि सांगते कोण? शिंप्याची बायको, पार्वती. यमूनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा एका पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून गोष्ट सांगितली, पण या वेळी पुण्याच्या वाड्यातली नव्हे, आपल्या शिवारातली, आणि लातूर-धाराशिवकडच्या बोलीत. नवऱ्याचा हट्ट पार्वतीला दिसतो, पोराची ओढ दिसते, आणि दोघांच्या मध्ये ती भरडली जाते.

'पाचोळा' पातळ आहे. मोठ्याने वाचली तर चार-पाच रात्रींत होईल. देवळात पोथी वाचता तशी घरी, जेवणे उरकल्यावर वाचा. पार्वतीचे बोलणे मुद्दाम नाटकी करू नका, आपल्या आई-आजीच्या बोलण्याच्या चालीवर जाऊ द्या. चुलीपाशी भांडी आवरत असलेली माणसे हातचे काम थांबवतात का, आणि मध्येच कोण काय बोलते, तेवढे ऐकून ठेवा.