विशेष्यनिघ्न वर्ग आणि मराठीतील समानार्थी विशेषणे

मराठी शाळांत 'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न इतका रुळलेला आहे, की त्यास काही पूर्वेतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. 'सुंदर' ह्या शब्दापुढे विद्यार्थी रुचिर, मनोहर, मंजुळ असे लिहितो व त्यास गुण मिळतात. तोच विद्यार्थी निबंधात 'मंजुळ घर' असे लिहितो, तेव्हा त्याचे गुण कापले जातात. ह्यात दोष मुलाचा नव्हे. त्याला जे पाठ करावयास दिले, ते त्याने विश्वासाने वापरले, इतकेच. दोष अध्यापनाच्या रीतीत आहे. आणि तिचा उगम पाहावयाचा तर अमरकोशापर्यंत मागे जावे लागते.

अमरसिंहाच्या ग्रंथाचे खरे नाव 'नामलिंगानुशासन'. त्याची तीन कांडे असून श्लोक सुमारे दीड हजार आहेत. पहिल्या दोन कांडांत स्वर्ग, पाताळ, भूमी, नगर, वनस्पती, मनुष्य अशा विषयवार वर्गांत नामे दिली आहेत. विशेषणे मुख्यतः तिसऱ्या कांडाच्या आरंभी, विशेष्यनिघ्न वर्गात येतात. 'निघ्न' म्हणजे अधीन. विशेषणास स्वतःचे लिंग नसते, ते विशेष्याचे लिंग घेते. आणि नामाबरोबर त्याचे लिंगही सांगणे हा तर ग्रंथाचा हेतू. तेव्हा हा वर्ग वेगळा काढण्याचे कारण मुळात व्याकरणाचे आहे. वर्गाच्या पूर्वभागात माणसांचे गुणदोष येतात: उदार, लोभी, निपुण, लज्जाशील इत्यादी. पुढे वस्तुमात्रास लागणारी विशेषणे येतात. तेथे 'सुंदर' ह्या अर्थाचे बारा शब्द एकाच श्लोकात बसविले आहेत, आणि त्यांत 'साधु' व 'मंजुल' हेही आहेत.

बारा शब्दांची ही रांग पाठ करणाऱ्या मुलास त्यांतील भेद कळत असे काय? पाठ करताना कळत नसे, हे उघड आहे. परंतु महाराष्ट्रातील जुन्या पाठशाळांत अमर हा शिक्षणाचा शेवट नव्हता. रूपावली, समासचक्र, अमर आणि त्यानंतर रघुवंश, असा क्रम असे. कोशाने शब्द ओळखीचे करून द्यावेत आणि काव्याने त्यांचा स्वभाव सांगावा, अशी ही विभागणी होती. तिचे एक उदाहरण आमच्या नागपूरच्या दाराशीच आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी प्रतिपादिले. त्या काव्याच्या पहिल्याच श्लोकात रामगिरीवरील छायावृक्षांना 'स्निग्ध' असे म्हटले आहे. अमर 'स्निग्ध' शब्द एकाहून अधिक ठिकाणी देतो. एके ठिकाणी तो 'वत्सल'चा सोबती आहे, तर दुसरीकडे 'चिक्कण'चा. ह्यांपैकी एकही शब्द रामगिरीच्या झाडांवर नेऊन ठेवता येत नाही. मल्लिनाथ तेथे 'सांद्र', म्हणजे दाट, असा अर्थ करतो. अमर मुखोद्गत असलेला विद्यार्थी येथे अडे, आणि त्या अडण्यातच त्याचे खरे शब्दशिक्षण होई. साहित्यशास्त्रालाही हे अवगत होते. कुंतकाने वक्रोक्तीच्या प्रकारांत पर्यायवक्रता आणि विशेषणवक्रता ह्यांना स्वतंत्र स्थाने दिली आहेत. अनेक पर्यायांतून नेमका एकच का निवडला, हा त्याचा प्रश्न आहे.

इंग्रजी अमदानीतील नव्या शाळांत हा क्रम मोडला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, 1831 मध्ये, मोल्सवर्थचा कोश निघाला होता. साधने उत्तम होती. केवळ काव्यात आढळणाऱ्या शब्दांपुढे मोल्सवर्थ तशी नोंद करतो, म्हणजे शब्दाचे स्थान सांगण्याची दक्षता कोशकार घेत होता. शाळेने मात्र शब्दांची रांग ठेवली आणि रांगेनंतरचे काव्य सोडले, असे माझे मत आहे. शिवाय ती रांग संस्कृताची होती. मराठीत येता येता तिच्यातील शब्दांनी आपापले संसार थाटले होते. 'मंजुळ' आवाजापुरता उरला, 'साधु' नाम होऊन बसला, आणि 'रुच्य'चा भाऊबंद 'रुचकर' स्वयंपाकघरात गेला.

उलटपक्षी, मराठीची स्वतःची विशेषणे त्या रांगेत कधी आलीच नाहीत. महानुभाव गद्यात 'बरवे' आणि 'गोमटे' हे शब्द सहज भेटतात. केशोबासांनी संस्कृतात लिहू नये, नाहीतर म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, असे नागदेवाचार्यांनी सुचविल्याची कथा स्मृतिस्थळात आहे. म्हणजे ह्या साध्या विशेषणांमागे एक निश्चित भूमिका होती. आज 'गोमटा' बहुधा 'गोरागोमटा' ह्या जोडीतच आढळतो. रंगांची विशेषणे तर ह्याहून बोलकी आहेत. केस काळेभोर असतात, अंधार काळाकुट्ट असतो. धुतलेले वस्त्र पांढरेशुभ्र; भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. संतापाने मुद्रा लालबुंद होते, लालभडक होत नाही. ह्या जोड्या कोणी पाठ केलेल्या नाहीत. नागपुरातील सहा वर्षांचे मूलही त्यांत चुकत नाही. विशेषण विशेष्याच्या अधीन असते हे त्याला ठाऊक आहे. आणि ही अधीनता केवळ लिंगाची नसून अर्थाचीही आहे, हे यादी शिकविणाऱ्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक आहे!

त्याच मुलाने निबंधात 'बढिया' लिहिले तर त्यावर तांबडी रेघ ओढली जाते. हिंदी शेजारातून आलेला हा शब्द नागपूरकडच्या बोलण्यात मुरलेला आहे. तो ग्रांथिक लेखनात चालवावा असा आग्रह नाही. परंतु त्याच्या जागी 'चारू' किंवा 'मनोज्ञ' सुचविणे म्हणजे जिवंत शब्द काढून पाठांतरातील शब्द घालणे होय. 'छान', 'उत्तम', 'देखणा', 'झकास' ह्यांतील कोणता कोठे शोभेल, हे त्याच्याशी बोलून ठरविता येते.

ह्या कामास एक साधन हाताशी आहे. दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 ह्या काळात निघाले व 1950 मध्ये पुरवणी आली. त्यात नागपुरी शब्दांपुढे 'ना.' आणि वऱ्हाडी शब्दांपुढे 'व.' अशा खुणा केलेल्या आहेत. ह्या दोन खुणांची विशेषणे वेचून त्यांची शालेय यादी करणे हे एखाद्या विद्यार्थ्यास एका वर्षात होण्याजोगे काम आहे. मात्र त्या यादीत प्रत्येक विशेषणापुढे दुसरे विशेषण न देता, ते ज्या नामांच्या संगतीने बोलले जाते ती दोनचार नामे द्यावीत.