गंधयुक्ती : अवंतीतील एक प्रसाधनविचार

उज्जयिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना वराहमिहिर ठाऊक असतो तो पंचांगाच्या नात्याने. शके ४२७ (इ. स. ५०५) हा आरंभ धरून त्याने केलेली ‘पंचसिद्धांतिका’तील गणिते, ‘बृहज्जातका’तील फलिते, आणि शं. बा. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ सालच्या ग्रंथात घेतलेला त्याचा परामर्श, एवढ्यावर आमची ओळख संपते. त्याच्या ‘बृहत्संहिते’त मात्र ‘गंधयुक्ती’ नावाचा एक अध्याय आहे, आणि त्याचा आरंभ ग्रहनक्षत्रांनी होत नाही. तो पांढऱ्या केसांनी होतो. माथा पांढरा झालेल्या पुरुषाला माळा, अत्तरे, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, तेव्हा केस रंगविण्याकडे लक्ष द्यावे, अशा आशयाचे त्याचे पहिले वचन आहे. अवंतीच्या या आचार्याने वार्धक्याच्या खुणांचा प्रश्न इतक्या सरळपणे मांडावा, याचे आम्हाला कौतुक वाटते.

त्याची कृती मुळातून पाहण्याजोगी आहे. लोखंडाच्या भांड्यात कोद्रूचे तांदूळ आंबवलेल्या शिरक्यात लोहचूर्णासह शिजवावेत, बारीक वाटावेत, केस शिरक्याने आंबट करून हा लेप लावावा आणि ओली पाने बांधून दोन प्रहर थांबावे. मग तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने बांधावीत, पुन्हा दोन प्रहर. धुतल्यावर केस काळे होतात. म्हणजे सुमारे बारा तासांचे हे काम आहे, आणि त्याचे मर्म क्रमात आहे. आंबटात लोखंड विरघळते आणि त्याचे क्षार केसात उतरतात. मागून येणाऱ्या आवळ्यातील तुरट द्रव्य त्यांच्याशी संयोग पावून काळे होते. हिराकस आणि हिरड्याची शाई ज्यांच्या आजोबांनी घरी केली असेल, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. दोन्ही लेप आधीच एकत्र कालवले असते, तर काळेपणाचा मोठा भाग भांड्यातच तयार होऊन वाया गेला असता. लोखंडाचा आणि आंबटाचा वास मागाहून शिरःस्नानाने व सुगंधी तेलाने घालवावा, हेही सांगायला तो विसरत नाही. रसायनप्रयोगांनी तारुण्य परत मिळते, अशी आश्वासने वैद्यकग्रंथांत आढळतात. इथे वचन आहे ते फक्त काळ्या केसांचे.

पुढे अध्याय गंधांकडे वळतो आणि ज्योतिषी जागा होतो. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० गट होतात, हे त्याने अचूक सांगितले आहे. प्रत्येक गटास ९६ ने गुणून तो १,७४,७२० गंधांची संख्या देतो. चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग वाटण्याच्या रीती चोवीसच असल्याने आजच्या हिशेबाने ती ४३,६८० भरते. आकडा चौपट झाला आहे. पण आम्हाला त्या आकड्याहून त्याच्या दोन अटी महत्त्वाच्या वाटतात. धने फार उग्र, म्हणून त्यांचा नेहमी एकच भाग. कापूर त्याहूनही कमी. ही दोन्ही दुप्पट-तिप्पट कधीच घालू नयेत. आणि धूप द्यायचा तो श्रीवेष्ट, राळ, गूळ व नख यांचा एकेकाने, क्रमाने. सर्वांचा गोळा करून नव्हे. इतके पर्याय मोजून दाखविणाऱ्यानेच त्यांना असा लगाम घालावा, हे विशेष.

आज आमच्या घरातील सुना-मुलींच्या आरशापुढे वार्धक्यावरील औषधी द्रव्यांच्या चार-पाच बाटल्या असतात, आणि त्या सर्व एका रात्री चेहऱ्यावर थापल्या जातात. तिथे हाच लगाम हवा. ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेले ट्रेटिनॉइन १९७१ साली अमेरिकेत मुरुमांसाठी मान्य झाले. उन्हाने जून झालेली त्वचा त्याने सुधारते, हे क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. हे द्रव्य उजेडात टिकत नाही, म्हणून रात्रीचे. शिवाय उग्र, म्हणून आरंभी आठवड्यातून दोन-तीन रात्री, वाटाण्याएवढे. (गर्भारपणी ते अजिबात नको.) ग्लायकोलिक आम्ल लावायचे तर ते वेगळ्या रात्री, एकाच वेळी दोन्ही लावली तर सालपटे निघतात आणि आग होते. ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम सकाळी. काही द्रव्ये मात्र एकत्रच शोभतात: ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली १५ टक्के ‘क’, १ टक्का ‘ई’ आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल एकत्र केले, तेव्हा त्वचेचे उन्हापासून होणारे रक्षण दुप्पट झाले. धन्याच्या एका भागाची आठवण व्हावी, असेच हे अर्धा टक्का प्रमाण आहे.

या सर्वांहून स्वस्त उपाय सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावी ९०३ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, ती नित्य लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत इतरांहून २४ टक्के कमी जून झाली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या नगरीजवळून कर्कवृत्त जाते आणि जिथे जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो, तिथल्या आम्हा लोकांनी हे लक्षात ठेवावे.

या विद्येचा मराठीशीही संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १९४५ साली एका दुर्मिळ हस्तलिखितावर लेख लिहिला. त्यात ‘गंधवाद’ हा ग्रंथ आहे आणि त्यावर मराठी टीका आहे; ती इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यानची असावी, असे गोडे यांनी ठरविले. म्हणजे गंधांचे मिश्रण मराठीत समजावून घेणारा वाचक तेव्हाही होता. शिंद्यांच्या काळी माळव्यात आलेल्या कुटुंबांच्या माळ्यांवर अजून पोथ्यांची गाठोडी आहेत. एखाद्या कागदावर उटण्याची यादी सापडली, तर नावांआधी तोळे-मासे आणि ‘आधी’, ‘मागून’ हे शब्द वाचावेत, आणि तो कागद आम्हाला दाखवावा.