लंबवर्तुळाची उपेक्षा : गुरुत्वीय तरंगांच्या गणितातील एक प्रकरण

परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन जड गोलांची कक्षा वर्तुळाकार मानावी, हा संकेत गुरुत्वीय तरंगांच्या अभ्यासात इतका रूढ झाला की, मूळ गणित लंबवर्तुळाचे होते याचा विसर पडावा. 1963 साली पीटर्स व मॅथ्यूज यांनी ते मांडले. वर्तुळाकार कक्षेतून मुख्यतः भ्रमणाच्या दुप्पट वारंवारतेचे तरंग निघतात. उत्केंद्र कक्षेतून अनेक वारंवारतांचे, आणि त्यांचा भर दोन्ही गोल निकट येतात त्या क्षणांवर असतो. हल्स व टेलर यांना 1974 साली सापडलेल्या युग्माची उत्केंद्रता 0.617 आहे, तेवढ्याच दीर्घाक्षाच्या वर्तुळाकार कक्षेच्या मानाने त्यातून सुमारे 12 पट ऊर्जा बाहेर पडते.

मग वर्तुळ का? ऊर्जा गमावताना कक्षा लहान होते तशी ती गोलही होत जाते, हे पीटर्स यांनीच 1964 साली दाखविले होते. पुण्याच्या ‘आयुका’त सत्यप्रकाश व संजीव धुरंधर यांनी 1991 साली गोंगाटातून तरंग हुडकण्याच्या साच्यांचे विवेचन केले, तेही वर्तुळ गृहीत धरूनच, आणि ते योग्यच होते, कारण प्रत्येक नव्या राशीगणिक साच्यांची संख्या फुगते. परंतु सोयीचे गृहीतक पुढे शोधाची मर्यादा ठरते. वर्तुळाच्या साच्याशी उत्केंद्र कक्षेचा तरंग अंशतःच जुळतो. क्षीण असल्यास तो निसटतो.

भ्रमण, निकटबिंदूचे सरकणे व कक्षेचा संकोच ही तीन भिन्न कालमाने एकत्र गुंफावयाची, ही येथील खरी अडचण. दामूर, गोपकुमार व बाला अय्यर यांनी 2004 साली ग्रहगणितातील स्थिरांक-विचरणाची जुनी रीत योजून मंद बदल व जलद आंदोलने वेगळी केली. गोपकुमार यांनी हे काम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालविले.

त्याच वर्षी, श्रीगोंद्याच्या वायव्येस पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने एनजीसी 1851 या तारकागुच्छात 0.888 उत्केंद्रतेचा स्पंदक शोधला. त्याचा भ्रमणकाल 18.8 दिवसांचा, विलयास तो अद्याप फार दूर आहे. पण दाट गुच्छांत तारे जोडीदार बदलतात, असे त्याच्या शोधकांनी सुचविले. अशा ठिकाणी कृष्णविवरांची जोडी ऐनवेळी जमली, तर तिला वर्तुळावर येण्यास अवधीच उरत नाही.

14 सप्टेंबर 2015 रोजी नोंदलेला पहिला तरंग वर्तुळाच्या साच्यात बसला. 21 मे 2019 चा मात्र इतका अल्पकालीन होता की, काही अभ्यासकांनी त्यात उत्केंद्रता वाचली, तर इतरांनी परिवलनाक्षाचे डोलणे.