निरंतर वैद्यकीय शिक्षण (भारत)

निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणजे पदवी व नोंदणी मिळाल्यानंतर, प्रत्यक्ष व्यवसाय करत असताना डॉक्टरांनी घ्यावयाचे शिक्षण होय. ते 'सीएमई' या लघुनामाने प्रचलित आहे. त्यात रोगनिदान व उपचारांतील नव्या ज्ञानाबरोबरच वैद्यकीय नीतिशास्त्र, कायदा आणि रुग्णाशी संवाद या विषयांचाही समावेश होतो. भारतात हे शिक्षण डॉक्टरांच्या व्यावसायिक कर्तव्याचा भाग मानले जाते. मात्र त्याची मोजणी उपस्थितीच्या तासांवर होते आणि त्याच्या खर्चाचा काही भाग औषध उद्योगाकडून येतो, त्यामुळे त्याच्या गुणवत्तेविषयी व निःपक्षपातीपणाविषयी वाद आहेत.

== नियमन ==

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ मधील व्यावसायिक आचरणविषयक विनियमांनुसार डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तास अशा कार्यक्रमांत भाग घेणे अपेक्षित आहे. सप्टेंबर २०२० मध्ये या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. डॉक्टरांची नोंदणी व शिस्तविषयक कारवाई प्रामुख्याने राज्य परिषदांकडे असल्याने प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्यागणिक वेगळी आहे. महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमाखालील महाराष्ट्र वैद्यकीय परिषद मान्यताप्राप्त कार्यक्रमांना श्रेयांक देते व तेथे निरीक्षक नेमते. दर पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणी नूतनीकरणासाठी हे श्रेयांक आवश्यक असतात.

== नीतिशास्त्राचे स्थान ==

एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद हा स्वतंत्र घटक २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून सुरू झाला. त्यापूर्वी पदवीधर झालेल्या डॉक्टरांच्या बाबतीत ही उणीव बहुतांशी निरंतर शिक्षणातूनच भरून निघू शकते.

कायद्यातील बदलांमुळेही या विषयाची उजळणी आवश्यक ठरते. निदानात्मक प्रक्रियेसाठी घेतलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी नसल्यास, पुढील शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर मान्यता मिळाली. २०१८ मध्ये जीवनान्त इच्छापत्र वैध ठरले आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. जुन्या माहितीवर विसंबणारा डॉक्टर रुग्णाला कायद्याने मिळालेला पर्याय अनवधानाने नाकारू शकतो.

मुंबईतील फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी १९९३ पासून या विषयाला वाहिलेले नियतकालिक चालवते. ते आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नावाने ओळखले जाते.

== प्रायोजकत्व ==

डिसेंबर २००९ मधील दुरुस्तीने डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, आदरातिथ्य किंवा परिषदांसाठी प्रवासखर्च स्वीकारण्यास मनाई केली. २०१६ मध्ये या तरतुदीतून डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना वगळण्यात आल्या. निरंतर शिक्षणाचे अनेक कार्यक्रम याच संघटना भरवत असल्याने या बदलावर टीका झाली. अशा भेटींवरील खर्चाची आयकरात वजावट मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने अधिसूचित केलेल्या नव्या विनियमांत कंपन्यांचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रायोजकत्व असलेल्या शैक्षणिक उपक्रमांत डॉक्टरांनी सहभागी होऊ नये, अशी तरतूद होती. त्याच महिन्यात हे विनियम स्थगित होऊन २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय औषधनिर्माण विभागाने जाहीर केलेल्या एकसमान विपणन संहितेने कंपन्यांना असे कार्यक्रम परदेशात घेण्यास बंदी केली आणि त्यांवरील खर्च संकेतस्थळावर जाहीर करण्यास सांगितले.

== परिणामकारकता ==

शैक्षणिक सभांमुळे डॉक्टरांच्या कामात सुधारणा होते, परंतु ती अल्प असते, असा कॉक्रेनच्या पद्धतशीर आढाव्यांचा निष्कर्ष आहे. २००९ च्या आढाव्यानुसार व्याख्यान व परस्परसंवाद यांची सांगड अधिक उपयुक्त ठरते, तर गुंतागुंतीचे वर्तन बदलण्यात अशा सभा फारशा प्रभावी दिसत नाहीत. संमती घेणे किंवा वाईट बातमी सांगणे ही कौशल्ये याच प्रकारची असल्याने त्यांसाठी प्रकरणचर्चा, भूमिकानाट्य आणि स्वतःच्या कामाचे लेखापरीक्षण या पद्धती सुचवल्या जातात. श्रेयांक मात्र मुख्यतः उपस्थितीवर मिळतात. रुग्णावरील उपचारांत कोणता बदल झाला, याची नोंद त्यातून होत नाही.